घरची स्पीड बॅग : आधी भिंत, मग फळा

स्पीड बॅगेची चाल तिच्या वरच्या फळ्यावर ठरते. ठोसा बसला की बॅग पुढे जाऊन फळ्यावर आपटते, मागे येऊन आपटते, पुन्हा पुढे आपटते आणि परतताना दुसरा ठोसा घेते. दोन ठोशांमधले हे तीन आघात एकसारख्या अंतराने आले, तरच हात तालात पडतो आणि खांदे सैल राहतात. फळा हलका किंवा चौकट डळमळीत असेल, तर बॅगेची गती फळा हलवण्यातच खर्ची पडते. तिसरा आघात मंदावतो, बॅग आडवीतिडवी भरकटते आणि खेळाडू तिला मारण्याऐवजी रेटू लागतो. घरच्या सरावात ताल बिघडतो त्याचे कारण पुष्कळदा हातात नसते, भिंतीवर असते. त्यामुळे कोणती बॅग घ्यावी हे सांगण्याआधी प्रशिक्षकाने खेळाडूच्या घरची भिंत पाहिलेली बरी.

भिंत कशाची आहे हे रंगावरून कळत नाही. ड्रिलमधून पडणाऱ्या भुकटीवरून कळते. गिलाव्याचा थर संपल्यावर लाल भुकटी आली तर वीट, करडी आणि बिट जेमतेम सरकत असेल तर काँक्रीट, पांढरट भुकटी भसाभस येऊ लागली तर हलका एएसी ब्लॉक. काँक्रीटचा खांब किंवा तुळई सर्वांत उत्तम. तिथे साधे अँकर फास्टनर घट्ट बसतात, फक्त बिट सळईला अडला तर छिद्र थोडे बाजूला घ्यावे. नऊ इंची विटांची भिंतही चांगली. छिद्र मात्र विटेच्या मध्यावर घ्यावे, सांध्यात नको, आणि फास्टनरची खोली गिलावा सोडून मोजावी, कारण गिलावा भार पेलत नाही.

खरी अडचण नव्या इमारतींतल्या ब्लॉकच्या भिंतींची आणि जुन्या फ्लॅटमधल्या चार इंची आडभिंतींची. ब्लॉकमध्ये फुलणारा फास्टनर आवळला की आतले मटेरियलच चुरडते. सुरुवातीला पकड घट्ट वाटते. मग रोजच्या हादऱ्यांनी छिद्र मोठे होत जाते आणि एके दिवशी फळा धरणारे ब्रॅकेट हातात येते. अशा ठिकाणी बोल्ट भिंतीतून आरपार घालून पलीकडे लोखंडी पट्टी द्यावी, नाहीतर केमिकल अँकर वापरावा. चार इंची भिंत बोल्ट धरते, पण स्वतःच थरथरते. तिच्यावर फळा बसवू नये हेच खरे. कोकणातल्या चिऱ्याच्या घरात दगड सच्छिद्र असतो, तेव्हा दोन जाड उभ्या लाकडी पट्ट्या अनेक ठिकाणी बोल्टने बसवून त्यांवर ब्रॅकेट घेतले की भार विभागला जातो. जुन्या वाड्याची सागवानी तुळई शाबूत असेल, तर तिच्याइतका भक्कम आधार दुसरा नाही.

छिद्र घेण्यापूर्वी विजेच्या लपवलेल्या नळ्या कुठून जातात ते पाहावे. स्विचबोर्डच्या सरळ वर किंवा खाली ड्रिल लावू नये. छिद्रातली भुकटी पंपाने फुंकून पूर्ण काढावी. ही अर्ध्या मिनिटाची गोष्ट बहुतेक कारागीर टाळतात, आणि पकड तिथेच निम्मी होते. नटाखाली स्प्रिंग वॉशर घालावा आणि पहिल्या आठवड्यानंतर सगळे नट पुन्हा आवळावेत.

फळा साधारण २४ इंच व्यासाचा असावा. जाडी किमान एक इंच. दीड इंच असल्यास फरक कानाला कळतो, आघात बोदा न येता टणक येतो. विकतच्या स्वस्त संचात भुशाच्या बोर्डाचा पातळ फळा असतो, तो घेऊ नये. १८ मिलिमीटरचे दोन वॉटरप्रूफ प्लाय चिकटवून आणि वरून स्क्रू मारून सुताराकडून केलेला फळा त्याहून सरस ठरतो. खालच्या बाजूला एकही स्क्रूचे डोके वर आलेले नको. बॅगेचे कातडे तिथेच फाटते. फळ्याचा मध्य भिंतीपासून ४० ते ४५ सेंटिमीटरवर ठेवावा, आणि कडा गोल घासाव्यात, कारण त्या कपाळाच्या जवळ येतात.

उंची वरखाली करता येणारा प्लॅटफॉर्म आकर्षक वाटतो, पण सरकणाऱ्या प्रत्येक जोडात थोडी ढिलाई येते. एकट्या खेळाडूसाठी पक्का प्लॅटफॉर्मच योग्य. घरात धाकटे भावंडही सराव करत असेल, तर फळा मोठ्याच्या मापाने बसवून धाकट्यासाठी रुंद, न हलणारा लाकडी चौथरा करावा. भाड्याच्या घरात भिंतीला हात लावता येत नसेल, तर स्टँड हाच पर्याय उरतो. त्याच्या पायावर वाळूच्या पिशव्या ठेवाव्यात, तरी भिंतीची स्थिरता त्यातून मिळत नाही हे पालकांना आधीच सांगावे.

उंचीचे माप खेळाडू पवित्र्यात उभा असताना घ्यायचे, ताठ उभा असताना नव्हे. बॅगेचा सर्वांत फुगीर भाग हनुवटीच्या पातळीत यावा. पवित्र्यात हनुवटी १४५ सेंटिमीटरवर असेल आणि टांगलेल्या बॅगेचा फुगीर भाग फळ्याखाली २३ सेंटिमीटरवर येत असेल, तर फळ्याची खालची बाजू १६८ सेंटिमीटरवर येते. त्याहून वर गेली की खांदे उचलले जातात आणि मान आखडते. फळा पाणसळीने दोन्ही दिशांना तपासावा. जरा तिरका राहिला तरी बॅग दर वेळी एकाच बाजूला ओढली जाते. बॅग ज्याला टांगलेली फिरते तो स्विव्हल बेअरिंगचा आणि फळ्याला लागून असावा. लांब साखळीमुळे बॅगेचा फुगीर भाग फळ्यावर न आपटता टोक आपटते. नवख्याला १० बाय ७ इंचाची मोठी बॅग द्यावी. लहान बॅग वेगवान असते, ती ताल बसल्यावर.

सोसायटीत आवाजाची तक्रार येणारच. ब्रॅकेट आणि भिंत यांमध्ये पातळ, टणक रबर घालता येते; जाड मऊ रबर घातल्यास फळा पुन्हा हलू लागतो. शेजाऱ्याच्या शयनगृहाला चिकटलेली भिंत मात्र टाळावी. त्या भिंतीवर कोणतेही रबर पुरे पडत नाही.

पावसाळ्यात प्लायच्या कडांना वार्निशचा हात द्यावा, स्विव्हलला तेल घालावे आणि चामड्याची बॅग सरावानंतर पुसून हवेशीर जागी टांगावी. हवा भरताना सुई ग्लिसरीनने ओली करावी. कोरडी सुई आतला व्हॉल्व्ह फाडते. अंगठ्याने दाबल्यावर किंचित दबेल इतकीच हवा ठेवावी.