नवख्याच्या त्राग्याला जाणकारांनी काय उत्तर द्यावे?

हुडकेश्वर, (प्रतिनिधी) : मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी 'विंडोज १०'चा नियमित विनामूल्य आधार थांबविला. 'विंडोज ११'च्या अटींत न बसणारे असंख्य संगणक चालू स्थितीत असूनही त्यामुळे कालबाह्य ठरले. ज्यांना नवा संगणक परवडत नाही, त्यांच्यासमोर लिनक्सचा मुक्तस्रोत पर्याय आहे. मात्र, या वाटेने येणारा नवखा हौसेने नव्हे, तर नाइलाजाने येतो. साहजिकच त्याच्या पहिल्या प्रश्नात जिज्ञासेपेक्षा त्रागाच अधिक असतो.

हुडकेश्वरसारख्या वस्तीत अर्ज व शपथपत्रे टंकून देणाऱ्या एखाद्या दुकानदाराचे उदाहरण घ्या. त्याचे वर्षानुवर्षांचे काम कृतिदेव वा श्रीलिपीच्या जुन्या टंकांत साठलेले असते. लिनक्सवर फाइल उघडताच मराठीऐवजी रोमन अक्षरांचा गोंधळ दिसतो आणि 'हे लिनक्स बेकार आहे', असा निकाल तो देऊन टाकतो.

वास्तविक दोष लिनक्सचा नाही. जुन्या टंकांनी रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसविले होते. टंक नसला की मूळ अक्षरे उघडी पडतात. पण जाणकार दोष कोणाचा यावर व्याख्यान देऊ लागतो, तेव्हा दुकानात गिऱ्हाईक खोळंबलेले असते. आधी त्याच्याजवळील टंक बसवून काम सुरू करून द्यावे, युनिकोडची महती नंतर सांगावी. 'दुसऱ्या' हा शब्द उमटत नसेल, तर 'पुस्तिका वाचा' म्हणण्यापेक्षा इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्टसह 'र'ची कळ, मग हलन्त, मग 'य' आणि काना, एवढे सांगणे पुरेसे असते.

जाणकारांची बाजूही दुर्लक्षिण्यासारखी नाही. त्यांपैकी बहुतेक जण विनामोबदला मदत करतात. प्रश्न कसा विचारावा, याचे धडे देणारा एरिक रेमंड यांचा २००१ मधील निबंध याच वैतागातून लोकप्रिय झाला. शिवीगाळ सोसण्याचे बंधन कोणावरही नाही. परंतु, तिखट भाषेसाठी प्रसिद्ध असलेले लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स यांनीही सप्टेंबर २०१८ मध्ये आपल्या वर्तनाबद्दल जाहीर माफी मागितली, याचा विसर पडू नये.

मदतीइतकाच प्रामाणिकपणाही आवश्यक आहे. ज्याचा लग्नपत्रिकांचा धंदा कोरलड्रॉवर अवलंबून आहे, त्याला 'लिनक्सवर सारे काही होते' असे सांगणे ही फसवणूक ठरेल. आजच्या लिनक्ससाठी त्याची आवृत्ती नाही, हे पहिल्याच भेटीत सांगितलेले बरे.

मराठीच्या दृष्टीने हा प्रश्न केवळ शिष्टाचाराचा नाही. जोडाक्षर कोठे तुटते, रफार कोठे सरकतो, हे दिवसभर मराठी टंकणाऱ्यालाच प्रथम दिसते. मुक्त प्रणालीतील असे दोष कोणी कळविले, तरच दुरुस्त होतात. अपमानित होऊन परत गेलेला दुकानदार तक्रार करणे थांबवितो. दोष मात्र तेथेच राहतो. त्याचा त्रागा ऐकून घेणे हे म्हणूनच उपकाराचे नव्हे, तर स्वहिताचे काम आहे.