बंद घड्याळाची बाजू

आमच्या कॉलेजच्या वाचनालयातले लंबकाचे घड्याळ मी आल्या दिवसापासून पावणेचारावरच थांबलेले आहे. यंदा त्याच्या शेजारी सेलवर चालणारे नवे घड्याळ लागले आणि जुने आता भंगारात जाणार असे कानावर आले. ते जाऊ नये, दुरुस्त व्हावे, आणि त्याची पेटी अधूनमधून विद्यार्थ्यांसमोर उघडली जावी, असे माझे म्हणणे आहे. ‘‘तू बी.ए.चा, तुला रे यंत्राशी काय करायचंय?’’ असे एका मित्राने विचारले. या लेखाचे मूळ त्या प्रश्नात आहे.

माझ्या वडिलांचे सायकल दुरुस्तीचे दुकान आहे. पुढे 44 दाते, मागच्या फ्रीव्हीलला 18. म्हणजे पायडलचा एक फेरा झाला की मागचे चाक जवळजवळ अडीच वेळा फिरते, हे मी त्रैराशिक येण्याआधी ग्रीसने माखलेल्या हातांनी शिकलो. दिवाळीच्या सुट्टीत एस.टी. स्टँडजवळच्या टपरीतल्या घड्याळवाल्या काकांनी एक भिंतीवरचे घड्याळ खोलून दाखवले, तेव्हा पहिल्यांदा ओळखीचे वाटले ते दातेच. चावी देताना जो कटकट आवाज येतो, तो चाकाला उलटे फिरू न देणाऱ्या खटक्याचा. फ्रीव्हीलच्या पोटात दुसरे काय असते?

चावी दिली की पोलादी पट्टीची गुंडाळी आवळली जाते. ती सुटायला धडपडत असते. तिला मोकळी सोडली तर काटे गरगर फिरतील आणि थोड्याच वेळात सारा खेळ खलास! म्हणजे घड्याळाचे मर्म जोरात नाही, अडवण्यात आहे. चाकांच्या माळेच्या शेवटी टोकदार दात्यांचे एक चाक असते आणि त्यावर जहाजाच्या नांगरासारखा, दोन टोकांचा एक तुकडा डुलत असतो. लंबक एका बाजूला गेला की एक टोक उचलले जाते आणि दाता सुटतो. तोच दुसरे टोक पुढे येऊन दुसऱ्या दात्याला अडवते. आपण टिकटिक म्हणतो ती ही अडवल्याची ठोकर. शिवाय सुटणारा दाता जाता जाता त्या टोकाला हलकासा धक्का देतो. तो लंबकापर्यंत पोहोचतो, म्हणून लंबक दमून थांबत नाही. कैद्यानेच पहारेकऱ्याला जेवू घालावे, असा हा प्रकार आहे.

आकडेही पाहण्यासारखे आहेत. उंच, उभ्या घड्याळांत लंबक सुमारे 99 सेंटिमीटरचा असतो. त्याला या टोकाकडून त्या टोकाकडे जायला एक सेकंद लागतो. शेवटच्या चाकाला 30 दाते आणि दर दोन झोक्यांना एक दाता पुढे, म्हणजे 60 सेकंदांत एक फेरा. सेकंदकाटा त्याच आसावर बसवला की झाले. मिनिटकाट्याच्या आसावर 60 दात्यांचे चाक, ते 8 दात्यांच्या चिमुकल्या चाकाला फिरवते. त्याच्या आसावर 64 दात्यांचे, ते पुन्हा 8 दात्यांच्या चाकाला. साडेसात गुणिले आठ, बरोबर साठ! तासकाट्यासाठी तिपटीने आणि मग चौपटीने वेग कमी करतात, म्हणजे बारावा हिस्सा. आपल्या वाचनालयातला लंबक पाव मीटरच्या आसपास आहे, म्हणून त्याचा झोका अर्ध्या सेकंदाचा. लांबी चौथाई केली की वेळ निम्मा होतो.

लंबकाचे पहिले घड्याळ हॉलंडच्या हायगेन्सने 1656 साली सिद्ध केले. गॅलिलिओच्या डोक्यात ती कल्पना त्याआधी आली होती, पण 1642 मध्ये तो वारला तेव्हा घड्याळ पुरे झालेले नव्हते. आपल्याकडचे घटिकापात्रही बारीक भोकातून पाणी अडवत अडवत 24 मिनिटांनी बुडे. मुंबई विद्यापीठाचा राजाबाई मनोरा 1878 साली पुरा झाला, तो तर ग्रंथालयाच्याच माथ्यावर उभा आहे. तिथे पुस्तके आणि दातेरी चाके एका इमारतीत नांदतात. मग आमच्याकडेच एवढे सोवळे का?

नवे घड्याळ जास्त अचूक आहे, हे मान्य. त्यातला गारगोटीचा स्फटिक सेकंदाला 32,768 वेळा थरथरतो. तो आकडा पंधरा वेळा निम्मा केला की एक उरतो. चलाख युक्ती आहे, पण डोळ्यांना काही दिसत नाही. इतिहासात आपण औद्योगिक क्रांती शिकतो, अर्थशास्त्रात कामाचे तास शिकतो, आणि ज्या यंत्राने ते तास मोजले त्याचे पोट आपल्यापैकी किती जणांनी पाहिले आहे? हाताला कळते ते ज्ञानच नव्हे, असा एक समज कॉलेजात मुरलेला आहे. इतरांना नावे कशाला ठेवू? पहिल्या वर्षी ‘‘वडील काय करतात?’’ असे कोणी विचारले की मी ‘‘धंदा’’ एवढेच सांगून विषय बदलत असे.

टपरीतल्या काकांच्या मते घड्याळात फारसे बिघडलेले नसावे. तेल सुकून चिकटा झाला असेल, खोलून धुवायला एक दिवस पुरे. ते कॉलेजात येऊन, आमच्यासमोर बसून काम करायला तयार आहेत. चावी हरवली आहे असे मला सांगण्यात आले. ती हरवलेली नाही. पेटीच्या आत, लंबकाच्या मागे एका खिळ्याला अडकवलेली आहे. काच पुसली तर बाहेरूनही दिसते.