परदेशी शिक्षण आणि आपले कर्तव्य

छत्रपती संभाजीनगरातील सुस्थित घरांतून मुले परदेशी विद्यापीठांकडे निघाली की 'आता हा परत येत नाही' असा गळा काढणारे थोडे नाहीत. त्यांनी इतिहास आठवावा. १९१३ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर बडोद्याची शिष्यवृत्ती घेऊन कोलंबिया विद्यापीठात गेले. अटीप्रमाणे १९१७ मध्ये ते संस्थानाच्या सेवेत रुजू झाले. त्या विद्वानाला बडोद्यात राहायला घर मिळाले नाही! हा दोष अस्पृश्यता पाळणाऱ्या हिंदू समाजाचा. तरीही त्यांनीच १९५० मध्ये याच शहरात महाविद्यालय उभारले. तेच आजचे मिलिंद. विद्यार्थ्यांनी अवश्य जावे, समाजऋण मात्र विसरू नये. परंतु परतणाऱ्या गुणवंतासाठी जातपात न पाहता दार उघडण्याची सिद्धता आपण केली आहे काय?