स्टॅम्प पेपरवरची सुट्टी

गेल्या शनिवारी सोमाटणे फाट्यावर बाइक सर्व्हिसिंगला टाकली होती. कटिंग मारत बाकड्यावर बसले होते, तेवढ्यात उस्तादनं हाताखालच्या पोऱ्याच्या डोक्यात सणसणीत टपली हाणली. गुन्हा काय? दहाचा पाना मागितला, त्यानं बाराचा दिला. पोरगं कसनुसं हसलं. आणि मी? मी मोबाइलमध्ये डोकं घातलं.

नंतर हळूच विचारलं, ''सुट्टी कधी असते रे?''

''गाड्या बंद पडायची सुट्टी घेतात का, ताई?''

आपली बोलती बंद!

घरी येताना डोक्यात डॉन बॉस्को आला. हो, तोच, लोणावळ्यात ज्याच्या नावाची शाळा आहे. हे नाव ऐकलं की आपल्याला टाय, चकाचक बूट आणि फाडफाड इंग्लिशच आठवतं. पण मंडळी, या सगळ्याची सुरुवात अशाच पोऱ्यांपासून झालीय.

जॉन बॉस्को १८१५ मध्ये इटलीतल्या एका खेड्यात जन्मला. दोन वर्षांचा होण्याआधीच वडील गेले. शाळा शिकता शिकता शिंप्याकडे, लोहाराकडे हात काळे केले. पुढे पाद्री होऊन तुरिन शहरात आला, तर तिथं गावाकडून पोटासाठी आलेली पोरं गवंड्यांच्या हाताखाली राबत होती. काही तर थेट तुरुंगात!

या पठ्ठ्यानं नुसतं प्रवचन नाही झोडलं. फेब्रुवारी १८५२ मध्ये एका सुताराबरोबर चक्क स्टॅम्प पेपरवर करार केला. अटी ऐका. पोराला सुतारकामच सांगायचं, बाकी हमाली नाही. चुकला तर शब्दांनी समजवायचं, हात उचलायचा नाही. रविवार मोकळा. वर्षाला पंधरा दिवस सुट्टी. मजुरी ठरलेली. आपल्याकडे अप्रेंटिस कायदा आला १९६१ मध्ये!

१८५३ पासून त्यानं स्वतःच चपला-बूट आणि शिवणकामाची वर्कशॉप्स काढली. १८५९ मध्ये शिकवणाऱ्यांची संस्था उभी राहिली, तेच हे सालेशियन. १८७२ मध्ये मारिया माझारेल्लोला सोबत घेऊन मुलींसाठी सिस्टर्सची शाखा निघाली. लोणावळ्याचं ऑक्झिलियम कॉन्व्हेंट त्यांचंच. सालेशियन १९०६ मध्ये तंजावरला आले आणि १९२८ मध्ये मुंबईत. माटुंग्याची शाळा सगळ्यांना ठाऊक असते, पण कुर्ल्यात ते पोरांना हातातलं कामही शिकवतात.

बाइक आणायला गेले तेव्हा धीर करून हे सगळं उस्तादला सांगितलं. तो हसला. ''मॅडम, आम्ही पण मार खाऊनच शिकलो.''

ओळखीचं वाटतंय ना हे वाक्य? 'आमच्या वेळी आम्ही रात्री दोन-दोनपर्यंत थांबायचो' हे त्याचंच एसी केबिनमधलं व्हर्जन! फरक इतकाच, की आपल्या हातात निदान ऑफर लेटर असतं. त्या पोऱ्याकडे तेही नाही.

तुमच्याही टीममध्ये लवकरच एखादा ट्रेनी येईल. आणि त्यानं बाराचा पाना दिला तर?