साक्षगंधाआधीचा ताळा

माझे बाबा नागपुरात इतवारीच्या किराणा ओळीत दिवाणजी होते. हळद, धने, सुपारीच्या ठोक दुकानात त्यांनी चाळीस वर्षं कीर्द आणि खतावणी लिहिली. दुकान वाढवण्याआधी ते दिवसाची बेरीज दोनदा करत, एकदा वरून खाली, एकदा खालून वर. मी विचारलं की म्हणायचे, "पोरी, एक रक्कम एक घर सरकली तं खालचं सारं खोटं. अन् वही काही ओरडून सांगत नाही."

पुढे एकतीस वर्षं मी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवलं. जनुकाचा धडा आला की बाबांचं हे वाक्य आधी सांगायचे, मग फळ्यावर चार शब्द लिहायचे: मगन गरम वरण ढवळ. अट एवढीच, की वाचताना तीन-तीन अक्षरंच उचलायची. 'गरम'चं 'नरम' झालं तर वरण बिघडेल, पण वाक्य राहील. 'मगन'नंतर एक 'क' घुसला, तर मात्र वाचावं लागेल: मगन कगर मवर णढव. वर्ग हसायचा. हसून झालं की सांगायचे, की यातला पहिला प्रकार म्हणजे सिकलसेल आणि दुसऱ्यातून होतो थॅलेसेमिया.

तो धडा मागच्या वर्षी माझ्या घरी चालत आला. एक जुनी विद्यार्थिनी आईला घेऊन आली. साक्षगंध ठरलं होतं. मुलगा सिकलसेलचा वाहक, हे त्याला शाळेतल्या तपासणीपासून माहीत होतं आणि त्यानं ते लपवलं नव्हतं. हिची सिकलची साधी चाचणी झाली, निगेटिव्ह आली. घरच्यांनी सुस्कारा सोडला. पण मुलगी चार वर्षं लोहाच्या गोळ्या खात होती आणि हिमोग्लोबिन दहाच्या वर जात नव्हतं. मी म्हटलं, हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणारी एचपीएलसी तपासणी करून घ्या. अहवालात एटू हिमोग्लोबिन पाच टक्क्यांच्या वर. निरोगी माणसात ते साधारण साडेतीनच्या आत असतं. मुलगी थॅलेसेमियाची वाहक निघाली. आई कळवळून म्हणाली, "मॅडम, पण थॅलेसेमिया तर जरीपटक्यातल्या सिंधी लोकांचा ना?"

माझा लेख या एका वाक्याशी भांडण्यासाठी आहे.

आपल्या शहरात आजारांनासुद्धा मोहल्ले वाटून दिलेत. सिकलसेल अमक्या जातींचा, थॅलेसेमिया सिंधी घरांचा. सिकलसेल विदर्भाला नवा नाही. नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी या डॉक्टरांनी 1958 सालीच 'लॅन्सेट'मध्ये मध्य भारतातल्या सिकलसेलवर लिहिलं होतं. सिंधी कुटुंबांत थॅलेसेमियाचे वाहक जास्त, हेही खरं. पण दोन्ही आजारांचं जनुक एकच, अकराव्या गुणसूत्रावरचं बीटा ग्लोबिनचं. सिकलसेलमध्ये सहाव्या तीन-अक्षरी शब्दात एक अक्षर बदलतं, 'जीएजी'चं 'जीटीजी' होतं. बाकीचे शब्द जागेवर राहतात, प्रथिन पूर्ण बनतं, पण बिघडलेलं. थॅलेसेमियाच्या भारतात वारंवार सापडणाऱ्या पाच बदलांपैकी एकात आठव्या आणि नवव्या शब्दांच्या मध्ये फक्त एक 'जी' घुसतो. तिथून पुढची सगळी घरं सरकतात आणि बाविसाव्या शब्दावर 'टीजीए' हा पूर्णविराम येतो. एकशे शेहेचाळीस कड्यांची साखळी व्हायची, ती तिथेच तुटते.

विद्यार्थी विचारायचे, जनुकाचा निरोप वाचून प्रथिन जोडणाऱ्या रायबोसोमला कळत नाही का? तो एक अक्षर सरकून सावरून का घेत नाही? प्रश्न रास्त आहे, कारण रायबोसोमला सरकता येतं. पेशीच्या वाढीला पॉलिअमाइन नावाचे रेणू लागतात, आणि त्यांच्या कारखान्याला आवर घालणारं एक प्रथिन आहे, अँटीझाइम. त्याच्या निरोपात मध्येच हाच पूर्णविराम आहे. आरएनएच्या लिपीत 'यूजीए'. गोदामात माल कमी असला की रायबोसोम बहुतेकदा तिथे थांबतो. माल फार झाला की एक अक्षर पुढे सरकतो, पूर्णविराम ओलांडतो आणि अँटीझाइम पुरं करतो. मग कारखान्याला टाळं. सस्तन प्राण्यांच्या जनुकातली ही करामत जपानच्या सेन्या मात्सुफुजी आणि सहकाऱ्यांनी 1995 साली उलगडली. पण तिथे सरकण्याची खूण निरोपातच लिहिलेली असते. ग्लोबिनच्या निरोपात अशी खूण नाही. तिथे रायबोसोम पूर्णविराम आला की थांबतो. त्याचं काम वाचायचं. ताळा करणं त्याच्याकडे नाही.

म्हणजे ते आपल्याकडे आलं. आणि आपण अर्धाच ताळा करतो. 1 जुलै 2023 रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेमुळे सिकलसेलच्या तपासण्या वाढल्या, त्याचं स्वागतच आहे. पण सिकलची साधी विद्राव्यता चाचणी थॅलेसेमियाचा वाहक पकडत नाही. एक सिकलचा वाहक आणि एक थॅलेसेमियाचा, असं जोडपं असेल तर प्रत्येक गरोदरपणात पंचवीस टक्के शक्यता, की बाळात दोन्ही दोष एकत्र येतील आणि त्याला सिकलसेलसारखाच आजार होईल. दोघंही थॅलेसेमियाचे वाहक असतील तर तेवढ्याच शक्यतेनं बाळाला जन्मभर रक्त चढवावं लागेल.

माझं मागणं साधं आहे. विदर्भातल्या प्रत्येक मुलामुलीची एचपीएलसी अकरावीतच व्हावी, जात आणि आडनाव न विचारता. खर्च जास्त आहे, मान्य. पण ही तपासणी प्रत्येकाची एकदाच करायची आहे; जन्मभराच्या रक्ताच्या पिशव्यांशेजारी तो खर्च मांडून पाहा. दुसरा आक्षेप मला जास्त टोचतो: वाहक म्हणून शिक्का बसला तर मुलीचं लग्न जमणार नाही. म्हणून तर अकरावी म्हणते. साक्षगंधाच्या तोंडावर अहवाल आला की तराजूत मुलगीच बसते. वर्गातल्या सगळ्यांच्या हाती एकाच दिवशी कागद आला, तर ती रक्तगटासारखी एक नोंद होते. वाहक म्हणजे रोगी नव्हे, हे त्याच दिवशी, त्याच वर्गात सांगता येतं. आणि वर्षानुवर्षं लोहाच्या गोळ्या घेऊनही हिमोग्लोबिन हलत नसेल, तर पुढची गोळी देण्याआधी एटू बघावं.

त्या मुलीचं साक्षगंध मोडलं नाही. मुलगा आणि ती, दोघं मिळून समुपदेशकाकडे गेले. गरोदरपणात दहा-बारा आठवड्यांनी वारेचा अंश घेऊन तपासणी करता येते, हे त्यांना आता माहीत आहे. पुढचा निर्णय त्यांचा. जाताना तिनं विचारलं, "मॅडम, मगनचं वाक्य आमच्या वर्गात सगळ्यांना पाठ होतं. मग तेव्हाच आमचं रक्त का नाही तपासलं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. एकतीस वर्षं मी फळ्यावर ताळा करत होते. वहीपर्यंत मीही गेले नव्हते.