घाटातला अपघात आणि आमची कथा

आमच्या समाजातील कथालेखकांना आमची एक विनंती आहे: बोरघाटात आता आणखी कुणाचा बळी घेऊ नका. व्यसनी नवरा, आईला विसरलेला मुलगा, मिस्सा चुकवणारी सून. कथा संपत आली, की यांपैकी कुणाची तरी गाडी खंडाळ्याच्या वळणावर दरीत कोसळते आणि मागे उरलेले गुडघे टेकतात. पात्राचे मन पालटण्याचे कष्ट लेखकाला नको असतात. ते काम तो ट्रकवर सोपवतो.

यावर ठरलेले उत्तर येते, की आपले नियतकालिक कुटुंबात वाचले जाते, कथेतून बोध मिळायला नको का? आम्ही विचारतो, प्रभू येशूने काय केले? लूकच्या शुभवर्तमानाच्या १५व्या अध्यायात उधळा पुत्र परततो, मेजवानी सुरू होते आणि थोरला भाऊ रागावून बाहेरच थांबतो. बाप येऊन त्याची विनवणी करतो. पुढे? थोरला आत गेला की नाही, हे सांगितलेलेच नाही. तो प्रश्न ऐकणाऱ्यांना घरी न्यावा लागला. आमच्या लेखकाने हा दाखला रचला असता, तर थोरल्याला अंगणातच साप चावला असता!

दुसरा दोष स्थळाचा. लोणावळा म्हटले की धुके, भुशी धरण आणि चिक्की. हे तर एका दिवसाच्या सहलीतही दिसते. पण कर्जतहून घाट चढणाऱ्या गाडीला मागून जादा इंजिने लावावी लागतात. त्या कामावरचा माणूस रात्रपाळी करून घरी येतो तेव्हा बायको कामावर निघालेली असते. त्यांचा संसार दारात, दोन मिनिटांत चालतो. ही कथा कुणी लिहावी? पवनेचे पाणी बंद जलवाहिनीतून पिंपरी-चिंचवडला नेण्यास विरोध करणाऱ्या शेतकऱ्यांवर ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊर येथे गोळीबार झाला, तिघे मरण पावले. ते मावळ आमच्या कथांत कुठे आहे?

गो. नी. दांडेकर तळेगाव दाभाड्यास राहिले, मावळचे गडकोट त्यांनी पायी तुडवले. म्हणून 'पवनाकाठचा धोंडी'तला तुंग आणि 'माचीवरला बुधा'तली राजमाची ही केवळ देखावे राहत नाहीत. तिथे माणसे जगतात आणि आपल्या बोलीत बोलतात. आमच्या कथेतली कातकरी बाई मात्र प्रवचनाच्या भाषेत बोलते. लेखकाने संवाद एकदा मोठ्याने वाचला, तरी हे त्याच्या ध्यानी येईल.

श्रद्धेला धक्का बसेल, ही भीतीही आम्हांस पटत नाही. रेव्हरंड टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला तेव्हाचा आपला आकांत लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे'त झाकला नाही, घरातली भांडणेही झाकली नाहीत. (ते कुटुंब आमच्या पंथाचे नव्हते, हे खरे, पण भांडणांना पंथ नसतो.) ते पुस्तक वाचून कुणी प्रार्थना सोडल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

तेव्हा व्यसनी नवऱ्याला दरीत ढकलू नका. तो कोणते काम करतो, कुणाचे पैसे देणे आहे, पिण्याचे कोणते कारण तो स्वतःला खरे म्हणून सांगतो, हे आधी शोधा. मग त्याला संध्याकाळी घरी येऊ द्या. बायको दार उघडेल; ती पहिले वाक्य काय बोलते, ते लिहा.