आपबीती की ऐकीव?

७ जून २०२३ रोजी मोबाइलवरच्या स्टेटसवरून कोल्हापूर बंद झालं. दगडफेक, लाठीमार झाला, मग इंटरनेटही बंद. नेट परत आलं तसे मेसेज धडकले: ‘माझ्या मित्राने डोळ्यांनी पाहिलंय.’ कुठला मित्र, कुठली गल्ली, असं आम्ही विचारलं की समोरून गप्प!

उर्दूत दोन शब्द आहेत, आपबीती आणि सुनी-सुनाई. मोबाइलवर दुसरी पहिलीचे कपडे घालून येते. धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात १ जुलै २०१८ रोजी मुलं पळवणारी टोळी समजून पाच भिक्षेकऱ्यांना ठेचून मारलं गेलं. नाथपंथी डवरी गोसावी होते बिचारे. अफवेला मालक नसतो, म्हणून तिला जाब विचारता येत नाही.

आमच्या पालकांच्या ग्रुपवर मात्र एका बापाने नाव-पत्त्यासकट लिहिलं, ‘माझ्या दुकानाचं शटर शेजारच्या दादांनी ओढलं, मुलांना त्यांच्या घरी बसवलं.’ ग्रुप शांत झाला. विचारायला माणूस समोर होता ना. दोनच दिवसांत तोच मजकूर दुसऱ्या गावाच्या नावाने आमच्याकडे परत आला, ते सोडा.

पण एक गोष्ट आम्हाला खटकते. भाईचाऱ्याचे असे किस्से आपण हौसेने पुढे पाठवतो. ज्याच्या दुकानाची काच फुटली त्याने त्याच ग्रुपवर फोटो टाकला, तर ‘आता वातावरण बिघडवू नका’ म्हणून आपल्यातल्याच एकाने काढायला लावला. तीही आपबीतीच होती. त्याने ग्रुप सोडला, अजून परत आलेला नाही.